वाघ इथून जातो, अभ्यासक कुठून येणार?

२०१८च्या ऑक्टोबरात दसरा नुकताच झाला होता. कापूस वेचणीला आला होता, तूर कमरेच्या वर गेली होती. त्या आठवड्यात धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या मंगरूळ दस्तगीर आणि अंजनसिंगी या दोन गावांच्या शिवारांत काही दिवसांच्या अंतराने दोन माणसं वाघाने मारली. तिथे ना अभयारण्य, ना व्याघ्र प्रकल्प, ना डोंगर. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन, मधून वाहणारे नाले आणि नाल्याकाठची बाभळीची झुडपं, एवढंच. वाघ तरुण होता. चंद्रपूरकडून निघाला, वर्धा जिल्हा पार करून नदी ओलांडून अमरावतीत शिरला आणि पुढे थेट मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यापर्यंत गेला. डिसेंबरात सारणीजवळ त्याला पकडलं.

धामणगाव म्हणजे पुलगावच्या नदीपलीकडचा तालुका. वर्धा नदीच्या अलीकडे पुलगाव, देवळी तालुका, वर्धा जिल्हा. पलीकडे अमरावती. मुंबई-हावडा रेल्वे इथेच नदी पार करते. आर्वीला जाणारी नॅरोगेज इथूनच सुटायची. गावाला लागून दारूगोळ्याचं केंद्रीय भांडार आहे, सुमारे सात हजार एकरांचं. ३१ मे २०१६च्या आगीमुळे देशभर पुलगावचं नाव झालं ते त्याच भांडाराचं. बाहेरच्या माणसाला पुलगाव म्हटलं की डेपो, नाहीतर रेल्वे स्टेशन आठवतं. वाघ कोणालाच आठवत नाही, आणि त्यात चूक काही नाही. वाघ इथे राहत नाही, तो इथून जातो.

परिसरविज्ञानात गेल्या पंधरा-वीस वर्षांत विदर्भापुरतं जे सर्वांत मोलाचं काम झालं, ते याच 'जाण्या'वर झालं आहे. आणि ते बहुतेक करून पीएचडी पूर्ण न झालेल्या, महिन्याच्या फेलोशिपवर जगणाऱ्या, पंचविशी-तिशीतल्या मुलामुलींनी केलं आहे. मोठ्या नावांच्या मागे दडलेली ही फळी कोण, कुठून येते, काय करते, आणि पुलगावसारख्या गावातून तिच्यात का फारसं कोणी दिसत नाही, हा या लेखाचा विषय.

गळ्यातला पट्टा

वर्षभर मागे जाऊ. २०१७ साली ब्रह्मपुरीकडे माणसांवर हल्ले करणारी एक तरुण वाघीण पकडून जुलैच्या अखेरीस बोर व्याघ्र प्रकल्पात सोडली. तिच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. बोर म्हणजे देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, गाभा क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर, प्रकल्पाचा दर्जा २०१४चा. तिथे आधीपासून वाघ होतेच. ही वाघीण तिथे टिकली नाही. पुढच्या अडीच महिन्यांत ती वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांच्या शेतशिवारांतून पाचशे किलोमीटरहून जास्त हिंडली. या फिरतीत आणखी माणसं दगावली, तिला गोळी घालायचा आदेश निघाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. १४ ऑक्टोबरला कारंजा घाडगे तालुक्यातल्या सिंदीविहिरी गावाजवळ ती मेली, तीही बंदुकीने नाही. रानडुकरांसाठी शेताभोवती सोडलेल्या विजेच्या तारेला ती चिकटली.

कॉलर म्हणजे काय, हे जवळून पाहण्यासारखं आहे. जाड पट्टा, त्यावर बॅटरी आणि दोन यंत्रं. एक उपग्रहाकडून स्वतःची जागा ओळखून ठराविक वेळाने कळवतं. दुसरं सतत बारीक रेडिओ लहरी सोडतं. उपग्रहाचा ठिपका आपल्याला मिळतो तोवर जनावर पुढे गेलेलं असतं, म्हणून आताच्या आता ते कुठे आहे हे समजायला दुसरंच यंत्र कामी येतं. जिपेच्या टपावर किंवा बांधावर उभं राहून एक जण हातात अँटेना धरतो. पूर्वी घराघरांवर दूरदर्शनची असायची ना, तशीच, फक्त लहान. ती हळूहळू फिरवायची. ज्या दिशेला 'टिक, टिक' सर्वांत ठळक, ती दिशा होकायंत्रावर टिपायची. मग दोन किलोमीटर पुढे जाऊन पुन्हा तेच. नकाशावर दोन-तीन रेषा ओढल्या की जिथे त्या छेदतात तिथे वाघ. तूर उंच असेल, नाला खोल असेल तर लहरी परतून भलतीच दिशा दाखवतात. मग तिसऱ्या, चौथ्या जागेवरून घ्यायचं. आणि हे सगळं रात्री, कारण वाघ रात्री चालतो.

त्या जिपेत कोण असतं? डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा एखादा संशोधक विद्यार्थी किंवा प्रकल्प सहायक, एक वनरक्षक, गावातला एखादा वनमजूर आणि चालक. विद्यार्थ्याच्या वहीत आकडे जमतात, पण रात्री दोन वाजता कुठल्या पोलीस पाटलाला फोन करून 'आज जागलीला जाऊ नका' सांगायचं, हे त्यालाच ठरवावं लागतं. विज्ञान आणि व्यवस्था यांच्यातली सीमारेषा त्या जिपेत पुसून जाते. शोधनिबंधाच्या 'पद्धती' या प्रकरणात यातलं काही छापून येत नाही.

या कामाची सर्वांत गाजलेली फलश्रुती २०१९ची. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण नराला फेब्रुवारीत कॉलर लावली. जूनमध्ये तो घर सोडून निघाला. तेलंगणातलं आदिलाबाद, मग नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असं करत डिसेंबराच्या सुरुवातीला तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर त्याची चाल १,३०० किलोमीटरच्या वर गेली होती. पुढे हा आकडा तीन हजारांपर्यंत पोहोचला. त्याचं नाव 'वॉकर' पडलं. भारतीय वन्यजीव संस्थेतले बिलाल हबीब आणि त्यांच्या गटाने नोंदवलेल्या या प्रवासात संशोधकांना खरी गंमत वाटली ती अशी, की एवढ्या वाटेत हा वाघ बहुतेक वेळ शेतांमधूनच गेला. नकाशावर जिथे आपण 'जंगल नाही' म्हणून रंग सोडून देतो, तिथून.

विष्ठेतली वंशावळ

कॉलर फार थोड्या जनावरांना लावता येते. बाकीच्यांचं काय? इथे दुसऱ्या वाटेने गेलेली तरुण मंडळी भेटतात.

बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात उमा रामकृष्णन यांच्या प्रयोगशाळेतून मध्य भारतातल्या वाघांवर जे काम निघालं, त्यात आदित्य जोशी आणि प्राची थत्ते ही दोन नावं वाचकांनी लक्षात ठेवावीत. जोशी आणि सहकाऱ्यांचा २०१३चा शोधनिबंध वाघांच्या विष्ठेवर उभा आहे. विष्ठा गोळा करणं हे ऐकायला जितकं हास्यास्पद तितकंच करायला जिकिरीचं. जनावराच्या आतड्यातल्या पेशी विष्ठेच्या बाहेरच्या पापुद्र्याला चिकटून येतात. म्हणून तो वरचा थरच घ्यायचा, आतला गाभा नको. त्यात खाल्लेल्या सांबराचे केस असतात. ऊन लागलं की डीएनए तुटतो, पाऊस पडला की वाहून जातो. म्हणजे ताजी, सावलीतली, कोरडी विष्ठा मिळायला हवी. ती मिळवायला दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर पायी चालायचं. मग प्रयोगशाळेत एकेका वाघाची ओळख पटते, आणि एका जंगलातल्या वाघाचं रक्ताचं नातं शेकडो किलोमीटर लांबच्या दुसऱ्या जंगलातल्या वाघांशी जुळतं. म्हणजे कोणी तरी कधी तरी मधून चालत गेलं आहे.

मधलं हे अंतर कशाने तुटतं, हा प्रश्न प्राची थत्तेंनी उचलला. २०१८च्या त्यांच्या अभ्यासात आनुवंशिक माहिती आणि संगणकावरची पुढच्या शंभर वर्षांची प्रतिरूपं एकत्र आली. दाट वस्ती आणि वर्दळीचे रस्ते हे वाघांना अडवणारे मुख्य अडथळे. नियोजन न करता विकास होत राहिला तर राखीव क्षेत्रांतून वाघ नाहीसे होण्याची शक्यता सरासरीने ५६ टक्क्यांनी वाढते, असं त्यांनी दाखवलं. दोन वर्षांनी त्यांनी हेच वाघ, बिबट्या, अस्वल आणि रानमांजर या चौघांसाठी तपासलं. माणसाच्या पसाऱ्याचा सर्वांत कमी त्रास रानमांजराला होतो असं दिसलं. पुलगावच्या शिवारात पहाटे बांधावरून जाणारं करड्या रंगाचं, कानाला टोक असलेलं मांजर कोणी पाहिलं असेल तर ते हेच.

या आकड्यांकडे पुलगावातून पाहिलं की ते लगेच जमिनीवर येतात. बोरमधून नैर्ऋत्येला निघालेल्या एखाद्या तरुण वाघाच्या वाटेत आधी समृद्धी महामार्ग येतो. हा मार्ग वर्धा जिल्ह्यात सेलू आणि आर्वी तालुक्यांतून जातो, विरूळला त्याचा चढ-उतार आहे, आणि नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाला. मग मुंबई-हावडा लोहमार्ग. मग नदी. रस्त्याखालून जनावरांना वाट ठेवली तर ती वापरतात का, याचं उत्तर नागपूरजवळ मिळालं आहे: पेंचमधून जाणाऱ्या चव्वेचाळीस क्रमांकाच्या महामार्गाखाली बांधलेल्या भुयारी वाटांत कॅमेरे लावले, तेव्हा २०१९च्या काही महिन्यांत अकरा वेगवेगळे वाघ तिथून ये-जा करताना टिपले गेले. वेगवेगळे हे कसं ओळखलं? पट्ट्यांवरून. वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे बांधावे लागतात, नाहीतर एकाच वाघाचे दोन वाघ होतात.

नदीच्या दोन्ही काठांवरचं गवत

आता वाघ बाजूला ठेवू. खरं सांगायचं तर विदर्भातल्या परिसरविज्ञानावर वाघाचं ओझं जरा जास्तच झालं आहे; पैसा, परवानग्या, बातम्या सगळं त्याच्या मागे जातं. पुलगावच्या आसपासचा सर्वांत मोठा न वाचलेला अध्याय गवताचा आहे.

वर्धा नदी ही जुन्या मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांची सीमा. त्यामुळे नदीच्या दोन काठांवरच्या महसुली नोंदी वेगवेगळ्या घरांत वाढल्या. पुलगावकडच्या काठावर गुरं चरतात ती मोकळी, काटेरी झुडपांची जमीन कागदावर 'झुडपी जंगल' असते. पलीकडे अमरावतीत तशीच जमीन 'ई-क्लास'. तीच माती, तेच कुसळी गवत, तीच बोर-बाभूळ-हिवर. पण एका काठावर ते जंगल, दुसऱ्या काठावर सरकारी पडीत. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अमरावतीचेच असलेले तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने, पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांमधलं झुडपी जंगल हे वनजमीनच धरलं जाईल असा निकाल दिला. १९९६पूर्वीच्या वाटपांना नियमित करण्याची सोयही त्यात ठेवली. वकील, पटवारी, अतिक्रमणधारक या सर्वांनी तो निकाल बारकाईने वाचला. त्या झुडपात राहतं कोण, हे मात्र परिसरविज्ञानाने सांगायचं.

अशा जमिनीला 'पडीक' म्हणायची आपल्याला सवय आहे, आणि पडीक म्हटलं की झाडं लावायची हौस येते. या सवयीवर सध्या महाराष्ट्रातल्या एका तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने चांगलाच प्रहार केला आहे. आशिष नेर्लेकर यांनी अमेरिकेत टेक्सासमध्ये पीएचडी केली. २०२०मध्ये जोसेफ वेल्डमन यांच्याबरोबरच्या निबंधात त्यांनी मांडलं, की जुनं गवताळ रान एकदा मोडलं तर ते पूर्ववत व्हायला फार मोठा काळ लागतो. झाडं लावणं सोपं, गवत परत आणणं कठीण. मग २०२५मध्ये आयसर पुण्याचे पुरातत्त्व अभ्यासक दिग्विजय पाटील यांच्यासोबत त्यांनी एक अफलातून काम प्रसिद्ध केलं. पश्चिम महाराष्ट्रातले माळ हे जंगलतोडीने उजाड झालेले नसून शेकडो वर्षं माळच आहेत, हे सिद्ध करायला त्यांनी जुनं मराठी साहित्य चाळलं. ओव्या, आख्यानं, चरित्रं, लोककथा. त्यांत आलेल्या ४४ रानवनस्पती त्यांनी शोधल्या. जवळपास दोन-तृतीयांश वनस्पती मोकळ्या माळरानाच्या निघाल्या. साडेसातशे वर्षांचा पुरावा, आणि तो कुठल्या परदेशी संग्रहालयात नव्हता, आपल्या ग्रंथालयात होता.

हा निबंध वाचताना माझं मन सारखं रिद्धपूरकडे जात होतं. लीळाचरित्र जिथे आकाराला आलं ते रिद्धपूर मोर्शी तालुक्यात, याच अमरावती जिल्ह्यात. महानुभावांच्या लीळा माणसांच्या चालण्याने भरलेल्या आहेत. कोण कुठून निघालं, कुठल्या झाडाखाली बसलं. नेर्लेकर-पाटलांची पद्धत घेऊन वर्धेच्या खोऱ्याचं तेराव्या शतकातलं रान उभं करायला प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. मराठी एमएच्या विद्यार्थिनीने आणि वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने एकत्र बसावं, एवढंच.

पुलगावातून तिथपर्यंत

आता हिशेब मांडू. समजा पुलगावातली एक मुलगी बारावी विज्ञान होऊन म्हणते, मला हेच करायचं आहे.

आधी बीएस्सी, जवळच्या कॉलेजात. तिथे प्राणिशास्त्र म्हणजे बेडकाच्या आकृत्या आणि वर्गीकरणाची पाठांतरं. परिसरविज्ञानाचा एक धडा असतो, तो परीक्षेच्या आधी उरकला जातो. मग एमएस्सी. वन्यजीवशास्त्राच्या देशातल्या नावाजलेल्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या: डेहराडूनची वन्यजीव संस्था, बंगळूरच्या राष्ट्रीय केंद्रातला वन्यजीव अभ्यासक्रम. त्या बंगळूरच्या अभ्यासक्रमात एका वेळी पंधराच्या आसपास मुलं, आणि तीही दर दोन वर्षांनी. महाराष्ट्रात पुण्याच्या गरवारे महाविद्यालयाचा जैवविविधतेचा अभ्यासक्रम अनेकांना उपयोगी पडला. प्रवेशपरीक्षा, मुलाखत, दोन्ही इंग्रजीत. मुलाखतीत विचारतात, 'तुम्ही प्रत्यक्ष काय काम केलंय?' तेव्हा मुंबई-पुण्याच्या मुलाकडे दोन उन्हाळी शिबिरांचे दाखले असतात. पुलगावच्या मुलीकडे आजोबांबरोबर तुरीत काढलेल्या रात्री असतात. त्या रात्रींना दाखला मिळत नाही.

पुढे नेट. जेआरएफसाठी सर्वसाधारण वयोमर्यादा तीस, मुलींना पाच वर्षांची सूट. उत्तीर्ण होऊन जेआरएफ मिळाली तर महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००. २०२३पासूनचा हा दर ऐकायला बरा वाटतो. पण ही रक्कम कधी तीन-चार महिने अडकते, आणि तोवर घरभाडं, पेट्रोल, फील्ड असिस्टंटची मजुरी स्वतःच्या खिशातून. फेलोशिप नसेल तर 'प्रकल्प सहायक'. म्हणजे अकरा महिन्यांचा करार, मग पुन्हा अकरा. पस्तिशीपर्यंत असं चालतं. 'सुरुवातीच्या टप्प्यातला शास्त्रज्ञ' हे बिरुद या क्षेत्रात कधी कधी पिकलेल्या केसांनाही चिकटलेलं दिसतं. घरी विचारतात, नोकरी कधी लागणार? मुलगी असेल तर दुसरा प्रश्नही येतो.

या सरळ रस्त्याने गेलेल्यांपेक्षा आडवाटेने आलेली माणसं महाराष्ट्रात जास्त दिसतात, आणि मला त्यांचंच अप्रूप जास्त वाटतं. अमरावतीचे किशोर रिठे मूळचे इंजिनिअर. मेळघाटातल्या कामातून ते वाढले आणि पुढे १८८३मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे संचालक झाले. मिलिंद वाटवे सूक्ष्मजीवशास्त्रातून आले. माधव गाडगीळ यांची गोष्ट तर अनेकांनी त्यांच्याच आत्मचरित्रात वाचली असेल: शाळकरी वयात वेड्या राघूच्या शेपटीतली लांब पिसं गेली कुठे, असा प्रश्न पडला, म्हणून सालिम अलींना पत्र लिहिलं, उत्तर आलं की पिसं झडायचा काळ आहे, पुन्हा येतील. ते पत्र आलं नसतं तरी गाडगीळ शास्त्रज्ञ झाले असते, पण त्यांच्या घरी धनंजयराव गाडगिळांसारखा अर्थशास्त्रज्ञ बाप होता हेही विसरू नये. पत्र कोणाला लिहायचं, हे माहीत असणं ही सुद्धा मिळकतच.

म्हणून दर्यापूरचं उदाहरण मला जास्त जवळचं. दर्यापूर म्हणजे खारपाणपट्ट्यातलं तालुक्याचं गाव, पुलगावसारखंच कापसाचं. तिथल्या जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालयात अतुल बोडखे यांनी कोळ्यांवर संशोधनाची प्रयोगशाळा उभी केली. कोळी का? कोळी पकडायला परवानगीची फाईल मंत्रालयात जात नाही, कॉलर लागत नाही, जीप लागत नाही. पऱ्हाटीच्या झाडाखाली पांढरं कापड धरून फांदी झटकली की दहा प्रकारचे पडतात. सूक्ष्मदर्शक आणि चिकाटी एवढं भांडवल. तालुक्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना मेळघाटातल्या कोळ्यांच्या अभ्यासाची वाट अशीच सापडली.

कोणाला सांगायचं

तरुण अभ्यासकांनी आपलं काम एकमेकांना सांगायच्या जागाही दोन जातींच्या आहेत. २०१०पासून बंगळूरला विद्यार्थ्यांची संवर्धन परिषद भरते. त्याच्या वर्षभर आधीपासून तरुण परिसरशास्त्रज्ञांनीच स्वतः चालवलेला 'येती' नावाचा मेळावा सुरू झाला. दोन्हीकडे वातावरण मोकळं. नवख्या मुलाचंही म्हणणं कान देऊन ऐकतात. भाषा अर्थातच इंग्रजी. दुसरीकडे आपलं पक्षिमित्र संमेलन. १९८१ साली लोणावळ्याला पहिलं झालं आणि तेव्हापासून महाराष्ट्रभर फिरतं. तिथे शिक्षक, बँकेतले कर्मचारी, डॉक्टर, शेतकरी मराठीत आपल्या नोंदी वाचतात. पहिल्या जागी आलेख असतो, प्रश्न असतो. दुसऱ्या जागी पन्नास वर्षं एकाच तळ्यावर जाणारा माणूस असतो. या दोन्ही ठिकाणी जाणारी माणसं फार थोडी. माझ्या मते मराठी परिसरविज्ञानाची खरी गळती इथे आहे: निरीक्षण मराठीत जमतं, निष्कर्ष इंग्रजीत निघतो, आणि मधला सांधा कोणी भरत नाही.

तो कसा भरता येईल याचा एक नमुना वर्ध्यातच आहे. २०१८ साली वर्धा शहराने आपला शहर-पक्षी मतदानाने निवडला. बहार नेचर फाउंडेशन आणि नगर परिषदेने पुढाकार घेतला, शाळांतून प्रचार झाला, मतपेट्या फिरल्या, आणि निवडून आला नीलपंख. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तोच, तारेवर बसलेला, उडाला की निळाईचा भडका. पाच वर्षांनी 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा देशव्यापी अहवाल आला. सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांनी दिलेल्या तीन कोटी नोंदींवरून ९४२ जातींची स्थिती त्यात मांडली आहे. दीर्घकालीन कल सांगता आला अशा ३३८ जातींपैकी साठ टक्के घटत आहेत. आणि सर्वत्र दिसतो म्हणून निर्धास्त राहू नये, धोक्याच्या यादीसाठी ज्याचा फेरविचार व्हावा, अशा पक्ष्यांत नीलपंख आहे. वर्धेकरांनी नकळत नेमका उमेदवार निवडला होता. त्या तीन कोटी नोंदींत पंधरा मिनिटांच्या, अंगणातून केलेल्या नोंदीही आहेत. त्यासाठी प्रवेशपरीक्षा नाही.

रोही आणि तूर

पुलगावच्या कुठल्याही पारावर 'वन्यजीव' हा विषय काढला की पहिला शब्द येतो रोही, म्हणजे नीलगाय. दुसरा रानडुक्कर. मग झटका मशीन, सोलर कुंपण, जागल, पंचनामा, आणि पंचनाम्यातली रक्कम. हे बोलणं संशोधकाला बहुतेक वेळा तक्रार वाटतं. ते तक्रारच असतं, पण त्यात एक मोजता येण्याजोगा प्रश्न दडलेला असतो.

ताडोब्याच्या पश्चिम सीमेवर मिलिंद वाटवे आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी तो मोजला. २०१६चा हा निबंध कुठल्याही शेतकऱ्याला वाचून दाखवावा. सरकारी नुकसानभरपाई आणि शेतकऱ्याने सांगितलेलं नुकसान यांत कैक पटींचं अंतर का असतं, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी चार वेगवेगळ्या पद्धतींनी नुकसान मोजलं. चारही एकाच जागी येऊन थांबल्या: जंगलाला लागून असलेल्या शेतात निम्म्याहून जास्त पीक जातं, आणि लांब जाल तसं नुकसान कमी होत जातं. पंचनाम्यात डोळ्यांनी पाहून जो अंदाज लिहितात, त्याचा खऱ्या नुकसानाशी मेळच बसत नव्हता. तो फारच कमी निघायचा. कारण साधं आहे. रोही कोवळा शेंडा खातो, झाड मरत नाही, फुटवे येतात, पंचनाम्याच्या दिवशी शेत हिरवं दिसतं. शेंगा मात्र कमी धरतात, आणि त्या कमी धरलेल्या शेंगा कोणाच्या डोळ्यांना दिसणार?

सिंदीविहिरीच्या तारेवर मेलेली वाघीण आणि हा कमी लिहिलेला पंचनामा यांचा संबंध लांबचा नाही. भरपाई मिळत नाही म्हणून माणूस जागलीला जातो, जागून थकला की तारेत करंट सोडतो. तार रोही आणि वाघ यांत भेद करत नाही.

पुलगावच्या मुलीसाठी इथे एक पुरा प्रबंध पडून आहे. ताडोब्यात अंतर जंगलाच्या हद्दीपासून मोजलं, कारण तिथे हद्द होती. पुलगावला तशी हद्दच नाही. रोह्यांचे कळप दिवसा कुठे बसतात? नदीच्या काठावरच्या झाडोऱ्यात, झुडपी जंगलाच्या तुकड्यांत, की उसाच्या फडात? मग नुकसानाचं अंतर मोजायचं कुठून? एका शिवारातली दहा शेतं घ्यायची, प्रत्येकात तुरीचा एक छोटा तुकडा जाळीने बंद करायचा, शेजारचा तेवढाच उघडा ठेवायचा, आणि फेब्रुवारीत दोन्हींच्या शेंगा वेगवेगळ्या मोजायच्या. जाळीचा खर्च, एक तराजू, एक हंगाम. कुठलं शेत कशाच्या जवळ आहे, हे तिला कोणाला विचारावं लागणार नाही.